माझ्या हातची

माझी आई भाकर फार चांगली करायची, पण तसं कुणी म्हटलेलं तिला चालायचं नाही. पाहुणा म्हणाला, "भाकर झकास झालीय की," तर ती लगेच म्हणायची, "कुटलं, करपलीय जरा." करपलेली कधीच नसायची. ती असं का म्हणते हे मला चौथीत असताना कळलं.

आमचं गाव बीदर जिल्ह्यात, मुडबीच्या पलीकडं, रस्त्यापासून बरंच आत. एकदा वर्गात बाईंनी विचारलं, कुणाची आई काय चांगलं करते ते सांगा. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, माझी आई भाकर पापडासारखी करते, महिनाभर टिकते, मोडली की आवाज होतो. बाई हसल्या. "अगं मग आण की उद्या," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी फडक्यात बांधून भाकरी नेल्या. बाईंनी फडकं हातात घेतलं नाही. "खिडकीत ठेव," म्हणाल्या. मधली सुट्टी झाली, दुपार झाली, फडकं खिडकीतच. शाळा सुटताना त्या म्हणाल्या, "ते घेऊन जा गं, मुंग्या लागतात."

आईनं घरी फडकं सोडून बघितलं. मग चुलीजवळची फुंकणी उचलली आणि मला मारलं. भाकरी परत आल्या म्हणून नाही, मी तोंड उघडलं म्हणून. "आपलं आपून सांगायचं न्हाई," ती प्रत्येक फटक्याला म्हणत होती, "कुनी विचारलं तरी न्हाई." मारून झाल्यावर तिनं त्याच भाकरी आमटीत कुस्करून मला वाढल्या आणि मी त्या खाल्ल्या.

हे मी इतकं पक्कं धरलं की लग्न होऊन हुलसूरला आले तरी सुटलं नाही. नवरा हैदराबादला इमारती रंगवायच्या कामावर, महिन्यातून एकदा घरी यायचा. घरात मी आणि सासू. सासूला मी आत्या म्हणते. आत्यांची जीभ म्हणजे नवीन पात्याचा विळा. आख्ख्या गल्लीला त्यांचं भ्या. पहिल्याच दिवशी माझी भाकर खाऊन त्या म्हणाल्या होत्या, "हातात गुन हाय गं तुझ्या. तोंड मात्र मेलेलं हाय."

आमच्याकडे कडक भाकरीचा चांगला खप आहे. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून निखाऱ्यापाशी उभी करायची आणि मग फडक्यावर पसरून वाळवायची. लग्नाला, प्रवासाला, शिकायला गेलेल्या पोरांना द्यायला लोक विकत नेतात. मी आमच्या गल्लीतल्या चार घरांना करून द्यायची. कुणी भाव विचारला की मी खाली बघायची आणि म्हणायची, "द्या काय द्यायचं ते."

बायकांच्या बचतीचा संघ झाला तेव्हा त्यात वरच्या गल्लीतल्या बायका होत्या तशा आम्हीही होतो. बीदरहून एक मॅडम शिकवायला यायच्या. एकदा त्यांनी सगळ्यांना घरून काही ना काही करून आणायला सांगितलं. सगळ्या बायकांचे डबे एका टेबलावर होते, कुठला कुणाचा हे मॅडमना माहीत नव्हतं. त्यांनी माझी भाकर मोडली, कडकन आवाज झाला, आणि त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, ही कुणी केलीय? मी खाली बघितलं. माझ्या शेजारच्या बाईनं कोपर मारलं तरी मी हात वर केला नाही.

हात वर केला तो अक्कानं. म्हणाली, "आमच्या गावची हाय मॅडम. मी दाखवते तुमाला."

अक्का म्हणजे वरच्या गल्लीतल्या किराणा दुकानाची मालकीण. शेती भरपूर, दुकान नवरा-बायको मिळून चालवायचे, पण तोंड सगळं अक्काचं. कन्नड, मराठी, दखनी, ज्याला जी लागेल ती. उंच, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. आत आली नाही, मला बाहेर बोलावून घेतलं.

"तू कर, मी खपवते," ती म्हणाली. "तुला बोलता येत न्हाई, मला थापता येत न्हाई. दोघींचं बी भागतंय."

मला काय वाटलं हे सांगायला मला आजही कसंतरी होतं. मला हायसं वाटलं. आता कुणाशी बोलायला नको, कुणाला भाव सांगायला नको, नाव सांगायला नको. तिनं पाकिटं छापून आणली. त्यावर तिचा फोटो होता, कपाळावर ते कुंकू, हातात परात, आणि खाली कन्नड आणि मराठीत, 'अक्काच्या हातची कडक भाकर'. पैशाला अक्कानं कधी खोट केली नाही, हे सांगायला पाहिजे. माल बीदरला जायला लागला, तिथून हैदराबादच्या बसनं पुढं. माझं काम वाढलं, दोन चुली झाल्या.

आत्यांनी ते पाकीट हातात धरून पुढून मागून बघितलं. "चांगलाय की फोटो," त्या म्हणाल्या. "तू अशी गोरी कधी झालीस?"

वर्षभरानं बीदरला संघांचा मोठा मेळावा झाला. मंडपात ओळीनं टेबलं, प्रत्येक संघाचं एक. तिथं ताजी भाकर करून दाखवायची होती म्हणून अक्कानं मला सोबत नेलं. टेबलामागं एक चादर बांधली आणि चादरीमागं माझी शेगडी लावली. मग तिनं माझ्या परातीतलं मूठभर पीठ घेतलं, दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळलं, थोडं गालाला लावलं आणि पुढं जाऊन उभी राहिली.

मी मागं थापत होते, ती पुढं विकत होती. चादरीतून मला तिचा आवाज येत होता. "माझ्या सासूनं शिकवलं बगा. पंधरा वर्सं झाली हात दुखायलेत, पन सोडवत न्हाई." एका बाईनं विचारलं, इतकी पातळ थापता तरी फाटत कशी नाही? अक्का चादरीकडं तोंड करून खोकली आणि हळूच म्हणाली, "काय गं, काय सांगू?" मी म्हणाले, ऊन पानी. ती वळून म्हणाली, "उन्हाचं पानी. दुपारच्या उन्हात ठिवायचं." त्या बाईनं ते लिहून घेतलं. मला चादरीमागं हसू आलं. मी ते पदरात दाबलं. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

दुपारी मॅडमनी माईकवर अक्काला स्टेजवर बोलावलं. शाल घातली. मग त्या म्हणाल्या, "आता अक्कांनी एक भाकर सगळ्यांसमोर थापून दाखवावी." टाळ्या सुरू झाल्या. अक्का शालीत उभी होती, तिच्या हातावरचं पीठ वाळून सोलायला लागलं होतं. पण ती डगमगली नाही. माईक घेऊन म्हणाली, "आता माझं वय झालं. मी शिकवून तयार केलेली माझी कामाची बाई हाय, ती थापंल. ये गं, ये, लाजू नको."

मी गेले. परात आधीच आणून ठेवली होती. मान वर न करता मी थापली. हातांना ते येतं, त्याला डोकं लागत नाही. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि मॅडमनी माईक माझ्या तोंडापाशी धरला. "तुमचं नाव काय? तुम्ही किती वर्षं करताय हे?"

मंडपात शेकडो बायका होत्या. मी अक्काकडं बघितलं. तिनं डोळे मोठे केले नाहीत, धमकी दिली नाही. ती फक्त हसत होती, तिला माझी खात्री होती.

"मी अक्कांच्याकडं काम करते," मी म्हणाले. नावही सांगितलं नाही.

परतीच्या जीपमध्ये अक्कानं मला भजी घेऊन दिली. कागदात, लांबून.

स्टेजवरचा कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आमच्या गल्लीत माझ्या आधी पोचला. मी घरी आले तेव्हा आत्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. "आली का कामाची बाई?" म्हणाल्या. मी सरळ आत गेले. त्यानंतर त्या मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारीनात. कामाची बाई, पानी आन. कामाची बाई, दार लाव. नवरा आला त्याच्यासमोरही. तो म्हणाला, "आवं आई, बास की." तर त्या म्हणाल्या, "मी कामून बास करू? तिनंच सांगितलंय जगाला. मी कोन नाव बदलनारी?"

मी चुलीपाशी बसून तोंडावर पदर धरून रडले. मग एक दिवस रडून झाल्यावर उठले, डोकं धुतलं, चांगलं लुगडं नेसले आणि स्टुडिओत गेले. फोटोवाला म्हणाला, "हसा." मला हसायला येत नव्हतं. तो म्हणाला, "मग असंच राहू द्या, पन वर बगा." पाकिटं छापणारा आमच्याच समाजातला होता, विहारात रोज भेटणारा. त्याला मी पूर्ण नाव लिहून दिलं, आडनावासकट. त्यानं तो कागद दोनदा वाचला.

"वैनी, आडनाव न्हाई टाकलं तरी चालतंय," तो म्हणाला. "निस्तं 'घरगुती' लिहू. लोकं नाव वाचून खात्यात बगा."

"टाका," मी म्हणाले.

"मी तुमच्या भल्याचं सांगायलोय."

"आमच्या आत्या माझ्या भल्याचं रोज सांगायल्यात," मी म्हणाले. "टाका."

पाकिटं आली. पण पाकीट काही बोलत नाही, बोलायला मीच पाहिजे होते. हुलसूरच्या बाजारात पहिल्यांदा टोपली घेऊन बसले तेव्हा शेजारचा लसूणवाला ओरडत होता, बांगडीवाली ओरडत होती, आणि मी नुसती टोपलीतली पाकिटं पुन्हा पुन्हा रचत होते. मी भाकर विकायला बसलेय की सावलीला बसलेय हे कुणाला कळलं नसेल. टोपली भरलेली घरी आणली.

आत्यांनी टोपलीवरचं फडकं उचलून बघितलं. मग अंगणात बाज टाकून तीवर बसल्या, पाय हलवत. "मला भाकर पायजे," त्या म्हणाल्या. "मी गिऱ्हाईक हाय. ईक मला."

मला वाटलं चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या.

"ही कुनी केली?"

"मी."

"ऐकू आलं न्हाई."

"मी केली. माझ्या हातची हाय."

"तू कोन?"

मी नाव सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं.

"कुटल्या गल्लीची?"

मी गप्प झाले. आत्यांनी पाय हलवायचे थांबवले. "कामून गप्प बसलीस? गल्ली न्हाई तुला? रस्त्यावर जन्मलीस?"

"खालच्या गल्लीची."

"आगं बया," असं म्हणून त्यांनी नाकाला पदर लावला आणि हातातली भाकर दोन बोटांनी अशी लांब धरली की मला त्या आत्या आहेत हे क्षणभर विसरायला झालं. "तुमच्यात हात धुत्यात का गं? चुलीवर काय काय शिजवता? आमच्या देवाच्या घरात ही न्यायची व्हय?" त्या बोलतच राहिल्या. जे जे म्हणून लोक आम्हाला बोलू शकतात, ते सगळं त्या बोलल्या. सत्तर वर्षांत त्यांनी ऐकलेलं असणार, त्याशिवाय इतकं तोंडपाठ नसतं. मला रडू फुटलं.

"रडायलीस व्हय? रड. परातीवर बसून रड, तेवढंच मीठ वाचंल." त्यांचा आवाज जराही मऊ झाला नाही. "तू रडलीस की गिऱ्हाईक जिकलं. तू गप्प बसलीस तरी तेच जिकलं. व्हय म्हन. व्हय, खालच्या गल्लीची, दोन देऊ का चार? म्हन."

मला म्हणता येईना. त्यांनी तो सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. रोज संध्याकाळी भांडी झाली की बाजेवर बसायच्या. कधी तालुक्याच्या साहेबाची बायको व्हायच्या, कधी गळ्यातल्या लिंगाला हात लावून बोलणारी म्हातारी, कधी गोड बोलणारी शिकलेली बाई. ती शिकलेली बाई सगळ्यांत वाईट. "अय्या, तुम्ही केलीत? छान हं. नंतर घेते हं." ती आत्या इतकी हुबेहूब करायच्या की मी एकदा चिडून म्हणाले, "नंतर कवा? आत्ता घ्या, आत्ता ताजी हाय." आत्या थांबल्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, खरे पैसे दिले, खरी भाकर घेतली आणि आत निघून गेल्या. शाबास वगैरे काही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र मला नावानं हाक मारायला लागल्या.

पुढच्या बाजारात मी उभं राहून ओरडले. आवाज फाटला, लसूणवाल्यानं वळून बघितलं, पण ओरडले. खरी गिऱ्हाइकं आत्यांसारखी नव्हती. ती काही वाईट बोलायची नाहीत. पाकीट उचलायची, फोटो बघायची, नाव वाचायची, हसायची आणि पाकीट हळूच, फुलासारखं, परत ठेवायची. मग पदराला बोटं पुसायची. मला पाठ झालेली उत्तरं द्यायची वेळच येत नव्हती. आमच्या गल्लीतल्या बायका घ्यायच्या, मुसलमान घरांतल्या घ्यायच्या, बसमधून उतरलेले परके लोक घ्यायचे.

एक बाई मात्र थांबली. वरच्या गल्लीतली, मला तोंडानं ओळखणारी. म्हणाली, "आमी अक्काच्याच खातो. तिच्या हाताची चव कुनाला न्हाई."

"ती चव माझीच हाय," मी म्हणाले. "वर्स झालं, अक्काला मीच करून द्यायलेय. चांगली लागली न्हवं?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. खरं सांगते, मला ते बघायला बरं वाटलं. तिनं तोंडावर हात ठेवला, वर्षभराचं सगळं एकदम वर येत असल्यासारखा, आणि तिथून सरळ अक्काच्या दुकानाकडं गेली.

दोन दिवसांनी अक्का आमच्या गल्लीत आली. या खेपेला आत आली, थेट दारापर्यंत. तिच्यामागं दुकानातला हमाल पोतं घेऊन होता. तिनं पोतं त्याच्या हातून ओढून घेतलं आणि आमच्या अंगणात उपडं केलं. सगळी परत आलेली पाकिटं, तिच्याच फोटोची. काही फोडलेली, काही बुटाखाली आलेली. भाकरींचा चुरा मातीत पसरला आणि कोंबड्या धावल्या.

"घे," ती म्हणाली. "खा तुझं नाव आता."

मी दारात उभी होते. "मी खोटं न्हाई बोलले अक्का."

"खोटं कोन म्हनतंय? तुला काय वाटतंय, मला म्हाईत न्हाई लोक कसे हायत ते? मला म्हाईत व्हतं म्हनून मी झाकलं. मी झाकलं म्हनून लोकांनी खाल्लं, म्हनून तुझ्या दोन चुली झाल्या. आता दाखव तोंड आन ईक किती ईकतीस ते." तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला तिचं म्हणणं अगदी बरोबर वाटत होतं, आणि त्यातलं निम्मं बरोबर होतंही.

आत्या आतून आल्या. त्यांनी अक्काकडं बघितलं नाही. वाकल्या, कोंबडी हुसकली, मातीतली एक भाकर उचलून फुंकली आणि अक्काच्या पुढ्यात उभं राहून कडाकडा खाल्ली. चावून गिळून झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय गं. लक्ष दे."

अक्का गेली. हुलसुरात त्यानंतर वरच्या गल्लीतलं एकही घर माझ्याकडून घेईना. जिथं आधी भाकरीला नाही म्हणायचे, तिथं आता लोक माझ्या हातच्या सुट्ट्या पैशांनाही नाही म्हणायला लागले. मी बीदरला जायला लागले. सकाळच्या बसनं टोपल्या न्यायच्या आणि हैदराबादच्या गाड्या सुटतात तिथं उभं राहायचं. प्रवाशाला घाई असते, तो आडनाव वाचत बसत नाही. तिथं मी चार भाषांत ओरडायला शिकले. खिडकीतल्या माणसाच्या डोळ्यात बघून सांगायचं, की याच्यापेक्षा चांगली भाकर तुम्ही खाल्ली असेल तर पैसे परत. मोबाईलवर व्हिडिओ टाकायला लागले, चूल, परात आणि माझं तोंड. त्याखाली लोकांनी आमच्या जातीचं जुनं नाव लिहिलं, आणखी काय काय लिहिलं. आत्यांना वाचता येत नाही, त्या मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. "ह्यो साळंत गेलेला दिसत न्हाई," एवढंच म्हणायच्या.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एका दुपारी अक्का पुन्हा आली. एकटी.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, कलबुर्गीच्या चांगल्या घरात. बघायला आले तेव्हा तिनं त्यांना बीदरच्या स्टँडवरून कुणाकडून तरी मागवलेल्या माझ्या भाकरी वाढल्या होत्या, आणि स्वतःच्या हातच्या म्हणून सांगितलं होतं. मुलाच्या आईनं बोलणी पक्की होताना हसत अट घातली होती, लग्नाला विहीणबाईंच्या हातची तीच भाकर पाहिजे. अक्कानं दुसऱ्या तीन बायकांकडून करवून बघितली होती. जमली नव्हती.

"पोरीचं लगीन हाय," ती म्हणाली. इकडंतिकडं बघत होती.

"देते की," मी म्हणाले. "पन माझ्या पाकिटात. फोडायचं पंगतीत, वाढनाऱ्यानं."

तिनं दाराशी रचलेल्या पाकिटांवरचा माझा फोटो बघितला. मग म्हणाली, "व्हय."

लग्नाच्या दिवशी मी रिक्षातनं माल घेऊन गेले. भाकरीसोबत मागवलेल्या चटण्या पोचवायला दुपारी परत गेले, तेव्हा मंडपामागं आचाऱ्यांच्या चुलीशेजारी माझी पाकिटं पडली होती. सगळी फाडलेली. आचारी त्यांनीच जाळ पेटवत होता. माझा फोटो कोपऱ्यातून काळा होत आत वळत होता. पुढं पंगत बसली होती आणि अक्का वरपक्षाच्या बायकांना आग्रह करत होती, "घ्या की अजून, घरची हाय."

मी चटण्या खाली ठेवल्या आणि पंगतीत गेले. ओरडले नाही. ओळीच्या सुरुवातीला वाकले आणि बाजारात बोलते तशी बोलले, "कशी लागली भाकर? माझ्या हातची हाय." पहिली बाई म्हणाली, छान आहे. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि पुढच्या ताटाकडं सरकले. मागं चावायचा आवाज थांबत गेला. पाचव्या-सहाव्या ताटावर मुलाची आई होती. तिनं माझं नाव आधीच ऐकलं होतं. घास तोंडात होता.

"तुम्ही कुठल्या?" तिनं कन्नडमध्ये विचारलं.

मी कन्नडमध्येच सांगितलं, स्वच्छ, गल्ली आणि समाज दोन्ही. "आवडली का?" मी विचारलं.

तिला थुंकायचं होतं. पण थुंकली असती तर काय खाल्लं हे मागच्या ओळींनाही कळलं असतं. तिनं माझ्याकडं बघत तो घास गिळला. मग त्या ओळीतल्या सगळ्यांनी एकेक करून गिळला. मी शेवटच्या ताटापर्यंत गेले, प्रत्येकाला विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "अजून एक वाढा." अक्का खांबाला धरून उभी होती. मला कुणी हाकललं नाही, कारण हाकलायला मोठ्यानं बोलावं लागलं असतं.

हात धुवायच्या जागी वरपक्षातला एक माणूस माझ्यामागं आला. कलबुर्गीत वसतिगृहांना जेवण पुरवायचा. म्हणाला, "माल चांगलाय. पाकिटावर नाव बारीक करता येईल?" मी नाही म्हणाले. तो गेला. महिन्यानं फोन आला, आहे तसंच पाठवा म्हणाला. आज माझा निम्म्याहून जास्त माल त्याच्याकडं जातो.

त्या संध्याकाळी आत्यांनी विचारलं, "कितीजन थुकले?"

"एक बी न्हाई."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला, मला पाठीवर थापटावं लागलं.

अक्काच्या मुलीची बातमी नंतर कानावर येत राहिली. लग्न मोडलं नाही. पण सासरी तिनं काही करायला घेतलं की सासू म्हणते, "तू केलंस, का तुझ्या आईच्या हातचं हाय?" आणि घरातले सगळे हसतात. पोरीनं पाहुण्यांसमोर बोलणं सोडलंय म्हणतात. ती मला चांगली आठवते. तिनं कधी माझं काही वाईट केलं नव्हतं.

हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या भिंतीला टेकून पडल्या होत्या. आता त्यांना बसवत नाही.

"मग?" त्या म्हणाल्या. "तुला वाईट वाटायलंय व्हय?"

"वाटायलंय."

"वाटू दे," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी परात पुढं ओढली. सकाळी कलबुर्गीचा माल जायचा होता आणि निम्मं पीठ अजून मळायचं राहिलं होतं.